प्रकाशाची चाळणी आणि तिच्यातलं न पाडलेलं भोक

धुकंवेडी

मागच्या सुट्टीत रत्नागिरीला गेले होते. भाचीने विचारलं, "मावशी, तू तिकडे नेदरलँड्सला नेमकं काय करतेस?" मी सांगितलं, सिलिकॉनच्या पातळ पापुद्र्याला भोकं पाडते. तिचा पुढचा प्रश्न फार नेमका होता: "मग ती भोकं काय करतात?" तेवढ्यात पानं मांडली गेली आणि उत्तर राहून गेलं. ते इथे लिहिते. तिलाही हाच दुवा पाठवणार आहे.

पापुद्रा साधारण २५० नॅनोमीटर जाड. त्यात गोल भोकं, मधमाशीच्या पोळ्यासारखी ओळीने, एका भोकाच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंत अंतर सुमारे ४२० नॅनोमीटर. माणसाचा केस पाऊण लाख नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो, त्यावरून अंदाज करा. टेलिफोनच्या तारांमधून जो अवरक्त प्रकाश धावतो, १५५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, तो या पापुद्र्यात आडवा शिरायला गेला की शिरूच शकत नाही. एरवी या प्रकाशासाठी सिलिकॉन काचेसारखं पारदर्शक असतं. वर धातूचा मुलामा नाही, काळा रंग नाही. नुसत्या भोकांच्या मांडणीने वाट बंद होते. अशा मांडणीला फोटॉनिक क्रिस्टल म्हणतात. मराठीत मी "प्रकाशस्फटिक" म्हणते.

हे घरात बघायचं असेल तर मोरपीस घ्या. डोळ्यातला गडद निळा, भोवतीचा हिरवा, त्याच्या कडेचा पिवळसर. आपल्याला वाटतं मोराकडे तीन रंग आहेत. पण निळं रंगद्रव्य त्यात नाहीच, हिरवंही नाही. आहे ते आपल्या केसांना काळेपणा देणारं मेलॅनिन, सगळीकडे तेच. पिसाच्या अगदी बारीक तंतूंमध्ये, वरच्या सालीखाली, मेलॅनिनच्या काड्या केराटिनने, म्हणजे आपली नखं ज्याची असतात त्याने, एकमेकींना जोडून चौकटीत उभ्या केलेल्या असतात आणि मधे हवेच्या पोकळ्या. २००३ साली चीनमधल्या संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही अंतरं मोजली. निळ्या भागात दोन काड्यांमध्ये सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०, पिवळ्यात १६५. दहा नॅनोमीटरने काड्या दूर सरकल्या की निळ्याचा हिरवा होतो! मी हा निबंध पहिल्यांदा वाचला त्या रात्री झोपले नव्हते.

असं का होतं? प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना सीमेवर त्यातला थोडा मागे फिरतो. काचेच्या खिडकीत रात्री आपला चेहरा दिसतो तो यामुळेच, एका पृष्ठभागावरून शंभरातले चार भाग. एक सीमा असेल तर हे फिकं प्रतिबिंब. पण सीमा समान अंतरावर रांगेने असतील आणि ते अंतर तरंगलांबीला जुळणारं असेल, तर प्रत्येक सीमेवरून मागे फिरलेला थोडा थोडा प्रकाश एका तालात येतो. टाळकऱ्यांच्या रांगेत प्रत्येकाचा टाळ लहानच असतो, पण सगळ्यांचा ठेका एक झाला की तो आवाज मैलभर जातो. तसंच. त्या एका रंगासाठी भिंत उभी राहते, बाकीचे रंग निघून जातात.

मला मात्र खरं प्रेम आहे ते याच्या पुढच्या गोष्टीवर. हजारो भोकांच्या या चाळणीत मुद्दाम एक भोक पाडायचं नाही. तिथे काय होतं ते पुढे लिहिते. प्रश्न असतील तर आधी विचारा.

भिगवणकर

ताई, लेख आवडला. पण सगळ्या पक्ष्यांचं असं नसतं ना? मी नीलपंख बघत मोठा झालो. आमच्याकडे दसऱ्याला तो दिसला की शुभ मानतात, काही भागांत त्याला चाष म्हणतात. बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडाला की पंखात ते निळं उघडतं. त्याचा निळा कुठूनही बघा, निळाच. मोराचं तसं नाही, पीस कलतं केलं की रंग पळतो. म्हणजे नीलपंखाचा निळा खरा रंग असणार असं मला वाटायचं.

मग वाचनात आलं की सर सी. व्ही. रामन यांनी याच पक्ष्याची पिसं घेऊन अभ्यास केला होता आणि १९३४ साली लेख लिहिला होता. त्यांनी सुद्धा तो निळा रचनेतूनच येतो असंच धरलं होतं. मग कोनानुसार बदलत का नाही?

अथर्व_११वी

मलाही प्रश्न आहे. सीडीवर इंद्रधनुष्य दिसतं, साबणाच्या फुग्यावर पण दिसतं. ते पण फोटॉनिक क्रिस्टल का? आमच्या पुस्तकात व्यतिकरण आणि विवर्तन आहे, हे नाव कुठेच नाही.

धुकंवेडी

भिगवणकर, तुम्ही नेमका फरक पकडला आहे. नीलपंखाच्या पिसात केराटिन आणि हवा यांची स्पंजासारखी जाळी असते. तिच्यात शेजारच्या दोन छिद्रांतलं अंतर जवळपास ठरलेलं, पण रांगा नाहीत. जत्रेतल्या गर्दीत माणसं एकमेकांपासून हातभर अंतरावर असतात, पण कवायतीसारखी ओळ नसते, तसं. अंतर ठरलेलं म्हणून रंग ठरलेला. ओळ नाही म्हणून सगळ्या दिशा सारख्या, आणि कोन बदलला तरी रंग हलत नाही. मोराच्या पिसात ओळ आहे, म्हणून दिशेला महत्त्व आहे. रामन यांच्याकडे तेव्हा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक नव्हता. रचना डोळ्यांनी दिसत नसताना ते तिथवर पोचले, याचं मला फार अप्रूप वाटतं.

अथर्व, साबणाच्या फुग्यात दोनच सीमा असतात, पुढची आणि मागची. सीडीवर १.६ मायक्रोमीटर अंतराने रेषा आहेत, पण त्या एका पृष्ठभागावर, खोलीत काही नाही. नियम तेच, लहरी एकमेकींत मिसळण्याचे, म्हणजे व्यतिकरणाचेच. फरक असा की फोटॉनिक क्रिस्टलमध्ये रचना प्रकाश जातो त्या वाटेतच पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे तो नुसता विखुरत नाही, त्याला आत राहायलाच बंदी होते. पुस्तकातलं व्यतिकरण नीट समजलं असेल तर तू अर्ध्या वाटेवर आलास.

निवृत्त_मास्तर

तेहतीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, म्हणून एक सुधारणा सुचवतो. "प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा परत येतो" हे बरोबर आहे, पण एवढ्याने आरसा समजतो. बंदी का येते, तीही एका रंगाला नव्हे तर रंगांच्या अख्ख्या पट्ट्याला, ते यातून कळत नाही. मला ज्या स्पष्टीकरणाने उलगडा झाला ते मांडतो.

समजा, थर एकाआड एक आहेत. एक सिलिकॉनचा, एक हवेचा. प्रकाशाची तरंगलांबी थरांच्या आवर्तनाच्या बरोबर दुप्पट आहे. पुढे जाणारी आणि मागे फिरणारी लहर मिळून जागच्या जागी डोलणारी उभी लहर तयार होते. आता ही उभी लहर दोनच प्रकारे बसू शकते. तिचे फुगवटे सिलिकॉनमध्ये आणि गाठी, म्हणजे जिथे लहर हलतच नाही त्या जागा, हवेत, किंवा फुगवटे हवेत आणि गाठी सिलिकॉनमध्ये. दोन्हींची तरंगलांबी एकच. पण जिचे फुगवटे जास्त अपवर्तनांकाच्या, म्हणजे प्रकाशाला जास्त मंदावणाऱ्या पदार्थात, तिची वारंवारता कमी. जिचे हवेत, तिची जास्त. या दोन वारंवारतांच्या मधलं काहीही त्या रचनेत बसतच नाही. ना या घरात, ना त्या घरात. हाच तो निषिद्ध पट्टा. दोन पदार्थांच्या अपवर्तनांकात जितका फरक जास्त, तितका पट्टा रुंद.

सेमीकंडक्टरमध्ये इलेक्ट्रॉनला अणूंच्या रांगांमुळे असाच पट्टा मिळतो. म्हणूनच भोकांच्या चाळणीला "क्रिस्टल" म्हणायचं. अणूंच्या जागी भोकं, इलेक्ट्रॉनच्या जागी प्रकाश.

आणि एक हरकत. मोरपिसाला मी फोटॉनिक क्रिस्टल म्हणायला कचरतो. केराटिनचा अपवर्तनांक दीडच्या जरा वर, मेलॅनिनचा दोनच्या जवळ. एवढ्या फरकात सर्व दिशांनी बंदी होत नाही.

धुकंवेडी

मास्तर, हे मी लिहायला हवं होतं. फुगवटा कुठे आणि गाठ कुठे, यातच सगळं आहे.

हरकतीबद्दल: आवर्ती रचना असेल तर नाव द्यावं, सर्व दिशांनी बंदी असेल तर "संपूर्ण" हे विशेषण लावावं, असं आमच्या क्षेत्रात बहुतेक जण मानतात. पण तुमच्या हरकतीमागे एक मोठी कहाणी आहे, कारण संपूर्ण बंदीची रचना शोधताना या विषयाच्या जनकाचीच चूक झाली होती.

एका दिशेने थर लावले तर काय होतं, हे लॉर्ड रॅले यांनी १८८७ सालीच मांडलं होतं. बरोबर शंभर वर्षांनी, १९८७ मध्ये, दोन माणसांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे विचारलं की हे तिन्ही दिशांनी केलं तर? एक एली याब्लोनोविच, अमेरिकेतल्या बेल कम्युनिकेशन्स रिसर्चमध्ये. त्यांची अडचण व्यवहारी होती. लेझरमध्ये अणू स्वतःहून, नको तेव्हा, नको त्या दिशेला प्रकाश सोडतात आणि ऊर्जा वाया जाते. त्यांनी विचार केला, अणूच्या भोवती अशी जागाच तयार करू जिथे त्या रंगाच्या प्रकाशाला अस्तित्वच नाही. मग अणू तो सोडणार कुठे? दुसरे साजीव जॉन, मूळचे केरळचे, तेव्हा प्रिन्स्टनला. त्यांना प्रकाश एका जागी अडकवून ठेवायचा होता. दोघांचे निबंध एकाच नियतकालिकात, एकाच वर्षी आले. हेतू वेगळे, रचना एकच.

मग याब्लोनोविच कार्यशाळेत गेले. प्रकाशाचं वागणं सांगणाऱ्या मॅक्सवेलच्या समीकरणांचा एक मोठा उपकार आहे. रचना हजारपट मोठी केली आणि तरंगलांबीही हजारपट वाढवली तर उत्तर तेच राहतं. म्हणून नॅनोमीटरची भोकं पाडता येत नसतानाही त्यांना मिलिमीटरची भोकं पाडून मायक्रोवेव्हवर तपासता आलं. एकामागून एक ठोकळे घडवले. १९८९ मध्ये त्यांनी जाहीर केलं की गोल पोकळ्यांच्या एका रचनेत संपूर्ण पट्टा सापडला. गणित करणाऱ्यांनी ते तपासलं आणि दाखवून दिलं की काही दिशांना निषिद्ध पट्ट्याच्या दोन कडा एकमेकींना चिकटलेल्या आहेत, बंदी पुरी होत नाही. १९९० मध्ये आयोवाच्या हो, चॅन आणि सूकूलिस यांनी हिशेबाने सांगितलं की हिऱ्यातल्या कार्बनच्या अणूंसारखी मांडणी करा, जमेल. आणि १९९१ मध्ये याब्लोनोविच यांनी ती अगदी साध्या कृतीने साधली. ३.६ अपवर्तनांकाच्या ठोकळ्यावर त्रिकोणी जाळीचे ठिपके आखायचे आणि प्रत्येक ठिपक्यातून तीन तिरकी भोकं पाडायची, उभ्या रेषेपासून ३५ अंश कलती, एकमेकांपासून १२० अंशांवर. आतल्या आत भोकं एकमेकांना छेदतात आणि हिऱ्याच्या घराण्यातली रचना तयार होते. तिला आज याब्लोनोवाइट म्हणतात.

स्वतःचा निष्कर्ष चुकला हे मान्य करून पुन्हा गिरमिट हातात घेणारा माणूस मला फार जवळचा वाटतो. आमच्याकडे दर महिन्याला हेच करावं लागतं.

मृण्मयी_ठाणे

विषयाला सोडून आहे का माहीत नाही, पण वाचताना राहवलं नाही. माझ्या पत्रिकेत शुक्रासाठी ओपल सांगितला होता. हिरा परवडण्यातला नव्हता. अंगठी घेतली, फार सुंदर, हिरव्या आणि केशरी ठिणग्या. परवा धुणं भिजवताना हातातच राहिली, तासभर पाण्यात होती. बाहेर काढली तर दगड काचेसारखा झालाय, ठिणग्या गायब. जिथून घेतली तिथे गेले तर म्हणाले, तुम्ही खराब केलीत, आम्ही काही करू शकत नाही. आईने दिलेल्या पैशांतून घेतली होती हो. हा खोटा दगड होता का?

खड्यांची_पेठ

ताई, घाबरू नका. माझ्या घरात तीन पिढ्या खड्यांचं काम आहे, म्हणून सांगते. तुमचा दगड बहुधा इथिओपियाचा आहे. तिथल्या वेलो भागातला ओपल २००८ पासून बाजारात आला आणि जयपूरला भरपूर घडवला जातो. तो पाणी पितो. खरोखर पितो, त्याच्या अंगात बारीक पोकळ्या असतात. पाणी प्यायला की काही दगड पारदर्शक होतात आणि त्यांचे रंग मावळतात. हे खोटेपणाचं लक्षण नाही. ऑस्ट्रेलियाचा ओपल सहसा असा पाणी पीत नाही.

आता काय करायचं ते ऐका. मऊ कापडाने टिपा आणि पंख्याखालीही नको, साध्या हवेत सावलीत ठेवा. ऊन नको, केस वाळवायचं यंत्र तर मुळीच नको. घाईने वाळवला तर तडे जातात आणि मग खरंच काही उपाय नाही. काही दिवस लागतील. साबणाचं पाणी किती आत गेलं यावर थोडं अवलंबून आहे.

विकणाऱ्याने विकतानाच हे सांगायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

धुकंवेडी

मृण्मयीताई, हे विषयाला अजिबात सोडून नाही, हाच विषय आहे. ओपल म्हणजे सिलिकाच्या गोळ्यांची रास. वाळूतलं तेच सिलिका. १९६४ साली ऑस्ट्रेलियात सँडर्स यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की चांगल्या ओपलमध्ये सगळे गोळे एका मापाचे असतात, साधारण १५० ते ३०० नॅनोमीटर, आणि फळवाल्याच्या संत्र्यांसारखे रचून ठेवलेले. खाणीत ज्या दगडाला काही किंमत नसते, त्यातही सिलिकाच असतं, पण गोळे लहानमोठे किंवा अस्ताव्यस्त. माल तोच, रास बिघडलेली, म्हणून रंग नाही.

तुमच्या दगडात पोकळ्यांमध्ये हवा होती. सिलिकाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, हवेचा १. तिथे पाणी शिरलं, त्याचा १.३३. फरक एकदम कमी झाला, आणि मास्तरांनी वर लिहिलंय त्याप्रमाणे फरक कमी झाला की पट्टा अरुंद होतो आणि परत येणारा प्रकाश क्षीण होतो. रास मोडलेली नाही, फक्त लपली आहे. पाणी गेलं की परत दिसायला हवी.

रॉबर्ट हूकने १६६५ साली मोरपिसाबद्दल हेच लिहून ठेवलंय. पाण्याने भिजवलं की त्यातले रंग नाहीसे होतात, त्यावरून त्याने ताडलं की हे रंग द्रव्याचे नाहीत.

निवृत्त_मास्तर

अथर्व, तुझ्यासाठी एक गणित. गोळ्यांचा व्यास D धरला तर गच्च रचलेल्या दोन थरांमधलं अंतर ०.८१६ D येतं. समोरून बघितलं तर परत येणारी तरंगलांबी म्हणजे दोन गुणिले अपवर्तनांक गुणिले ते अंतर. अपवर्तनांक १.४५ घे. २०० नॅनोमीटरच्या गोळ्यांसाठी आणि २७० च्या गोळ्यांसाठी कोणता रंग येतो ते सांग.

अथर्व_११वी

२०० ला ४७३ आलं, म्हणजे निळा. २७० ला ६३९, लाल! म्हणजे लाल ठिणगीसाठी गोळे मोठे लागतात. सर, तिरकं बघितलं तर तरंगलांबी कमी होणार ना? म्हणजे लाल ठिणगी दगड फिरवला की हिरव्याकडे जाणार?

निवृत्त_मास्तर

शाब्बास. तसंच होतं. जवळच्या सराफाकडे जाऊन ओपल हातात घेऊन फिरवून बघ.

तारवाला

मी ऑप्टिकल फायबर टाकण्याच्या कामात आहे, वीस वर्षं झाली. माझ्याकडून थोडी भर.

आपली नेहमीची फायबर काचेची, मधे गाभा, भोवती जरा कमी अपवर्तनांकाची काच. प्रकाश संपूर्ण आंतरिक परावर्तनाने, म्हणजे कडेवर तिरका आदळून पुरताच मागे फिरत, आत राहतो. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्या फिलिप रसेल यांना सुचलं की काचेच्या तारेला लांबीभर बारीक भोकं ठेवली तर प्रकाशाला फोटॉनिक क्रिस्टलच्या भिंतीने कोंडता येईल, आणि मग मधला गाभा पोकळ ठेवता येईल. कल्पना करा, प्रकाश हवेतून धावतोय आणि तरी तारेच्या वळणाबरोबर वळतोय.

ही तार बनवायची रीत मला फार आवडते. काचेच्या बारीक नळ्या हाताने रचून जुडी करायची, मधल्या काही नळ्या काढून टाकायच्या, मग ती जुडी भट्टीत तापवून मनोऱ्यावरून ओढायची. सगळं एकसारखं बारीक होत जातं, नक्षी तशीच राहते. पहिली तार १९९६ ला जमली, पण तिचा गाभा भरीव होता. पोकळ गाभ्याची १९९९ मध्ये. भरीव गाभ्याच्या तारेचाही वेगळाच उपयोग निघाला. तिच्यात लेझरचे छोटे ठोके सोडले की पलीकडून पांढरा झगझगीत प्रकाश बाहेर पडतो, अनेक रंगांचा. प्रकाशाची वारंवारता अचूक मोजायच्या ज्या कामाला २००५ चं नोबेल मिळालं, हेन्श आणि हॉल यांचं, त्यात या तारेची मोठी मदत झाली.

आता ताईंच्या लेखाला धरून एक खुलासा. पोकळ तारेच्या बातम्या हल्ली येतात, त्या वाचून लोक म्हणतात "फोटॉनिक क्रिस्टलची तार आली". आज ज्या पोकळ तारा सर्वांत पुढे आहेत त्यांत भोकांची जाळी नसते. पोकळीच्या कडेने अगदी पातळ भिंतीच्या थोड्याच नळ्या असतात, एकात एक बसवलेल्या. त्या निषिद्ध पट्ट्यावर चालत नाहीत. भिंतीची जाडी अशी ठेवतात की तिथून प्रकाश निसटत नाही. साउदॅम्प्टनच्या गटाने २०२५ मध्ये दाखवलेल्या तारेत एका किलोमीटरला ०.१ डेसिबलहून कमी घट आहे. आमच्या रोजच्या तारेत ०.२ च्या आसपास. रोजच्या तारेत १५ किलोमीटरला प्रकाश निम्मा होतो, तिच्यात तीसहून जास्त किलोमीटरला. शिवाय काचेत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर, हवेत तीन लाख. हजार किलोमीटरला पाच मिलिसेकंदांऐवजी साडेतीनपेक्षाही कमी. ऐकायला क्षुल्लक वाटेल, पण डेटा सेंटर चालवणारे या दीड मिलिसेकंदासाठी तारा बदलायला तयार आहेत.

धुकंवेडी

तारवालाजी, खुलाशाबद्दल मनापासून आभार. हा गोंधळ मी परिषदांमध्येही ऐकलाय.

अथर्व_११वी

ताई, ते न पाडलेलं भोक राहिलं. आणि प्रकाश थांबवता येतो का?

धुकंवेडी

हो, तेच लिहायला बसले आहे.

चाळणी पूर्ण असेल तर १५५० नॅनोमीटरच्या प्रकाशाला आत जागा नाही. आता मधल्या एका रांगेतली तीन भोकं पाडायचीच नाहीत. तिथे भरीव सिलिकॉनचा छोटा तुकडा उरतो, मायक्रोमीटरभराचा. त्या तुकड्यात प्रकाशाला राहता येतं, पण चारी बाजूंना चाळणी, बाहेर पडता येत नाही. वर आणि खाली हवा, तिथे संपूर्ण आंतरिक परावर्तन त्याला धरून ठेवतं. ही प्रकाशाची कोठडी. सलग एक अख्खी रांग पाडली नाही तर कोठडीऐवजी बोळ होतो, आणि प्रकाश त्या बोळातून चालतो. अशा बोळात तो फार हळू चालवता येतो. जपानमध्ये नोतोमी यांच्या गटाने २००१ मध्ये नव्वदपट मंद प्रकाश दाखवला, आणि २००५ मध्ये आयबीएमने चिपवर तीनशेपट. अथर्व, पूर्ण थांबवण्याच्या जवळ जाता येतं, पण जितका हळू जाईल तितका तो भोकांच्या खडबडीत कडांवर जास्त विखुरतो. म्हणून आम्ही कडा गुळगुळीत करण्यात वर्षं घालवतो.

कोठडीतून प्रकाश वरखाली निसटतो, हा सुरुवातीचा मोठा प्रश्न होता. क्योटोमधल्या सुसुमु नोदा यांच्या गटाने २००३ मध्ये तो ज्या तऱ्हेने सोडवला त्याने मी या विषयात आले. डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन चालणारी बाई एकदम थांबली तर पाणी हिंदकळून सांडतं. सावकाश थांबली तर थेंब सांडत नाही. प्रकाशाचंही तसंच. कोठडीच्या भिंतीशी तो एकदम अडवला की काही भाग अशा दिशांना फेकला जातो की तिथे आंतरिक परावर्तन चालत नाही. त्यांनी काय केलं? कोठडीच्या दोन टोकांची दोन भोकं फक्त बाहेरच्या बाजूला सरकवली, अंतराच्या १५ टक्के, म्हणजे साठेक नॅनोमीटर. भिंत जराशी हळुवार झाली. कोठडीची प्रकाश धरून ठेवण्याची क्षमता, जिला आम्ही क्यू म्हणतो, ती ४५,००० वर गेली. याचा अर्थ प्रकाश तिथे ३७ पिकोसेकंद टिकतो. मोकळ्या हवेत तेवढ्या वेळात तो अकरा मिलिमीटर गेला असता. इथे मायक्रोमीटरभराच्या जागेत डोलत राहतो. पुढे अशीच भोकं जरा जरा सरकवत त्याच गटाने क्यू एक कोटीच्या वर नेला. म्हणजे आठ नॅनोसेकंद, मोकळ्या हवेतले अडीच मीटर.

आमच्या हाताला हे कसं येतं तेही सांगते. सिलिकॉनच्या पापुद्र्याखाली काचेचा थर असतो. वर रेझिस्ट, म्हणजे इलेक्ट्रॉन पडले की बदलणारा लेप, पसरायचा, इलेक्ट्रॉनच्या शलाकेने प्रत्येक भोक रेखायचं, प्लाझ्माने कोरायचं, आणि शेवटी हायड्रोफ्लुओरिक आम्लाने खालची काच विरघळवून पापुद्रा हवेत अधांतरी सोडायचा. भोकाची त्रिज्या एखाद्या नॅनोमीटरने चुकली की कोठडीचा रंग सरकतो. माझी पहिली सात महिन्यांची चिप अशीच गेली. शलाकेची मात्रा जास्त झाली होती, शेजारची भोकं एकमेकांत मिसळली होती. सूक्ष्मदर्शकात बघितलं आणि बाहेर येऊन आईला फोन केला.

ही कोठडी मला एवढी का आवडते? पूर्ण चाळणी फक्त नाही म्हणते. तिच्यात विचार करून ठेवलेली एक उणीव आली की ती प्रकाशाला घर देते. नोदांनी याच विचारातून पुढे लेझर बनवला. त्यात फोटॉनिक क्रिस्टलचा अख्खा पृष्ठभागच एका तालात प्रकाश सोडतो. २०२३ मध्ये ३ मिलिमीटर व्यासाच्या अशा एका लेझरमधून सलग ५० वॅट त्यांनी मिळवले, शलाका फारशी न पसरता.

भिगवणकर

सरड्याचं राहिलं. आपल्याकडे घोयरा सरडा झाडावर दिसतो. त्याच्या मादागास्करच्या नातेवाइकाबद्दल २०१५ मध्ये जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की त्याच्या कातडीत ग्वानिन नावाच्या पदार्थाचे बारीक स्फटिक जाळीने मांडलेले असतात. शांत असताना जाळी दाट, म्हणून हिरवा. दुसरा नर दिसला की जाळी सैल होते आणि अंग पिवळं-केशरी होतं. ताई, म्हणजे तुमची भोकं त्याला जिवंतपणी सरकवता येतात.

धुकंवेडी

अगदी तसंच. आणि मिनिटाभरात. आम्हाला एक चिप बदलायला तीन आठवडे लागतात.

मृण्मयी_ठाणे

अंगठी देवघराच्या कोनाड्यात सावलीत ठेवली होती. पहिले तीन दिवस काहीच नाही, नुसती गढूळ. आज पाचवा दिवस. सकाळी उदबत्ती लावताना बघितलं, डाव्या कडेला एक हिरवा ठिपका आलाय. मान कलती केली तर तो निळा होतो. मधला भाग अजून पांढुरका आहे. आईलाही दाखवलं, ती बराच वेळ हातात धरून बसली होती.